रेघा दाखवता, तर रेघांमागचे आकडेही द्या

प्रति,
अध्यक्ष व सदस्य,
मानसशास्त्र अभ्यास मंडळे आणि संशोधन मान्यता समित्या, मराठवाड्यातील विद्यापीठे;
तसेच पीएच.डी.चे सर्व मार्गदर्शक आणि बाह्य परीक्षक यांस

विषय : नेटवर्क विश्लेषण वापरणाऱ्या प्रबंधांत सहसंबंध सारणी, नमुन्याचा आकार आणि कोड देणे बंधनकारक करण्याबाबत

सन्माननीय महोदय आणि महोदया,

मानसशास्त्राच्या प्रबंधांत आणि शोधनिबंधांत एक चित्र आता सवयीचे होत चालले आहे. प्रश्नावलीतल्या विधानांची छोटी वर्तुळे, त्यांना जोडणाऱ्या जाड-बारीक रंगीत रेघा, आणि खाली एक ओळ : 'अमुक लक्षण नेटवर्कच्या केंद्रस्थानी आढळले.' हे चित्र कसे तयार झाले, याबद्दल प्रकरण तीनमध्ये बहुधा एवढेच असते की 'विश्लेषण आर सॉफ्टवेअरमध्ये केले.' आमचे मागणे या मधल्या रिकाम्या जागेबद्दल आहे.

पद्धतीबद्दल आमची तक्रार नाही. ॲमस्टरडॅमचे मानसशास्त्रज्ञ डेनी बोर्सबूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेला विचार आपल्या भागातल्या प्रश्नांना चांगला लागू पडतो. झोप लागत नाही म्हणून दिवसभर थकवा, थकव्यामुळे कामात लक्ष नाही, लक्ष नाही म्हणून स्वतःवरच राग, आणि त्या रागाने पुन्हा झोप उडालेली. लक्षणे एकमेकांना ओढत नेतात, हे फडावरच्या ऊसतोड कामगाराला विचारा की लातूरच्या क्लासमधल्या विद्यार्थ्याला, दोघेही आपापल्या शब्दांत सांगतील. शिवाय आर आणि जॅस्प ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत आणि जॅस्पमध्ये तर चार क्लिकमध्ये चित्र तयार होते. या चार क्लिकच्या मागे मात्र दहा-बारा निर्णय दडलेले असतात. संशोधकाने ते घेतले नाहीत तर सॉफ्टवेअर स्वतः घेते, आणि वाचणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही.

आधी साधे गणित पाहू. पीएचक्यू-९ या नैराश्याच्या प्रश्नावलीची ९ विधाने आणि जीएडी-७ या चिंतेच्या प्रश्नावलीची ७, मिळून १६ नोड, म्हणजे चित्रातली वर्तुळे. प्रत्येक जोडीत एक रेघ शक्य, म्हणजे १६ गुणिले १५ भागिले २, एकूण १२०. ही प्रत्येक रेघ म्हणजे आंशिक सहसंबंध : उरलेली १४ विधाने स्थिर धरल्यावर त्या दोघांत जे नाते उरते ते. नमुना १८० जणांचा असेल, तर एका रेघेच्या वाट्याला दीड माणूस येतो. तरीही सॉफ्टवेअर नकार देत नाही. ते चित्र काढून देते, आणि ते तितकेच देखणे असते.

एवढ्या कमी माहितीत निभावून नेण्यासाठी ग्राफिकल लासो वापरतात. तो बारीक रेघांना थेट शून्य करतो. किती कडकपणे, हे ईबीआयसी या मॉडेल निवडण्याच्या निकषातला गॅमा हा आकडा ठरवतो. तो साधारणपणे ० ते ०.५ यांच्यात ठेवतात, आणि आरमधल्या क्यूग्राफ या पॅकेजमध्ये न सांगता ०.५ धरला जातो. त्याच माहितीवर गॅमा ० केला की जाळे दाट होते, ०.५ केला की विरळ. म्हणून 'झोप आणि चिंता यांत थेट संबंध आढळला नाही' हे वाक्य पुष्कळदा झोपेबद्दल काहीच सांगत नसते. नमुना लहान होता आणि गॅमा ०.५ होता, एवढीच माहिती त्यात असते. रेघ न दिसणे आणि संबंध नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी सिद्ध करायची असेल तर बेझियन पद्धतीने 'संबंध नाही' याच्या बाजूचा पुरावा मोजावा लागतो, आणि तसे केल्याचे लिहावे लागते.

आता सॉफ्टवेअर उघडण्याच्या आधीचा भाग. आमच्या मते सगळ्यात जास्त गफलत इथेच होते, म्हणून इथे थोडे थांबतो.

पीएचक्यू-९ चे नववे विधान घ्या : मरून गेलेले बरे किंवा स्वतःला इजा करावी, असे विचार. समजा २५० जणांना विचारले. २३१ जणांनी 'मुळीच नाही' म्हणजे ० सांगितले, १२ जणांनी १, पाच जणांनी २ आणि दोघांनी ३. (आकडे केवळ समजावण्यासाठी आहेत, पण उत्तरांची ठेवण बहुतेक अशीच असते.) या विधानाचा दुसऱ्या एखाद्या विधानाशी चार गुणिले चार असा सोळा खणांचा तक्ता मांडून पाहा. ३ सांगणारे दोघेच असल्याने त्या ओळीतल्या चारपैकी किमान दोन खणांत शून्य येणारच, आणि २ च्या ओळीतही पाच माणसांना चार खण. अशा रिकाम्या खणांवरून पॉलिकोरिक सहसंबंध (क्रमाने लावलेल्या पर्यायांसाठीचा) काढला, तर दोन माणसांची उत्तरे इकडची तिकडे झाली तरी आकडा उडी मारतो. पुष्कळदा संपूर्ण सारणीच गणिताला न पेलणारी निघते. मग कॉर-ऑटो हे फंक्शन जवळात जवळची चालू शकेल अशी सारणी शोधून पुढे जाते आणि पडद्यावर एक इशारा देते. तो इशारा वर सरकून जातो. प्रबंधात तो यायला हवा : इशारा आला होता, आम्ही अमुक केले, आणि न केल्यास निकाल किती बदलतो.

काय करावे याची उत्तरे आहेत. वरचे पर्याय एकत्र करून विधान 'आहे-नाही' असे करता येते, उत्तरांच्या क्रमावर आधारलेला स्पिअरमनचा सहसंबंध वापरता येतो, किंवा ते विधान कारण सांगून वगळता येते. यातले काहीही चालेल, पण कोणते केले ते लिहिल्याशिवाय चालणार नाही. आणि या विधानाला तीन म्हणणाऱ्या माणसासाठी त्याच दिवशी काय केले, कोणाकडे पाठवले, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिला का, हेही त्याच पानावर असावे. नैतिकता समितीचे पत्र जोडल्याने ती माहिती कळत नाही.

उलटी गडबड चौथ्या विधानात होते, थकव्याच्या. गाळप हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. ऐन हंगामात तळावर जाऊन 'गेल्या दोन आठवड्यांत थकवा जाणवला का' असे विचारले, तर जवळपास सगळेच 'रोज' म्हणतील. सगळ्यांचे उत्तर एकच आले की त्या विधानात फरक उरत नाही, आणि जिथे फरक नाही तिथे सहसंबंध उतरतो. मग चित्रात थकवा एका कडेला, बारीक रेघांनी लटकलेला दिसतो आणि निष्कर्षात लिहिले जाते की ऊसतोड कामगारांत थकवा हे नैराश्याचे दुय्यम लक्षण आहे. तेच प्रश्न जूनमध्ये बीड किंवा धाराशिवच्या गावी विचारले असते तर चित्र वेगळे येण्याची शक्यता होती. म्हणून माहिती कोणत्या महिन्यात आणि कुठे घेतली, फडावर, तळावर की गावात, हे लिहा. सोबत प्रत्येक विधानाची सरासरी, प्रमाण विचलन आणि चारही पर्यायांची वारंवारता द्या. सोळा विधानांचा हा तक्ता अर्ध्या पानात मावतो.

त्याच नमुन्यात आणखी एक गोष्ट दडलेली असते. ऊसतोडीत एक कोयता म्हणजे सहसा नवरा-बायकोची जोडी. नमुन्यात दोघेही घेतले तर २०० माणसे म्हणजे १०० कोयते. दोघांची झोप, चिंता, उचल फेडण्याची धास्ती एकाच खोपीतली. नेहमीचा बूटस्ट्रॅप, म्हणजे त्याच नमुन्यातून पुन्हा पुन्हा निवड करून निकाल तपासण्याची रीत, प्रत्येक माणूस स्वतंत्र धरतो, त्यामुळे रेघांचे विश्वास-अंतराळ (खरा आकडा ज्या पट्ट्यात असावा ते) खऱ्यापेक्षा अरुंद येतात आणि निकाल आहे त्याहून पक्का भासतो. एका कोयत्यामागे एकच व्यक्ती घ्यावी, नाहीतर फेरनिवड कोयत्यानुसार करावी. एकाच तांड्यावरचे, एकाच वसतिगृहातले, एकाच वर्गातले लोक घेतले तरी हाच प्रश्न येतो. नमुना किती गटांतून आला आणि एका गटातून किती जण, हे दोन आकडे कुठल्याही नेटवर्क प्रबंधात सापडलेच पाहिजेत.

प्रश्नावली कोणी भरली, हेही. वाचता येणाऱ्याने स्वतः खूण करणे आणि संशोधकाने मोठ्याने वाचून उत्तर लिहून घेणे यांत फरक पडतो, सासू शेजारी बसलेली असेल तर फारच. मराठी अनुवाद कोणता, तोही संपूर्ण द्या. पीएचक्यू-९ मध्ये झोप न लागणे आणि फार झोप येणे एकाच विधानात आहे, भूक कमी आणि खाणे जास्त हेही एकात. अनुवादकाने त्यातला एक भाग गाळला असेल, तर नोडचे नाव 'झोप' असले तरी मोजलेली गोष्ट बदललेली असते.

रिकाम्या राहिलेल्या उत्तरांबद्दल एक बारीक मुद्दा आहे, जो अनुभवी परीक्षकांच्याही नजरेतून सुटतो. प्रत्येक जोडीसाठी जेवढी उत्तरे मिळाली तेवढी वापरली, तर कुठल्या सहसंबंधामागे २४८ माणसे असतील, कुठल्यामागे २०९. ईबीआयसीला मात्र एकच n, म्हणजे नमुन्याचा आकार, लागतो. मोठा दिला तर रेघा वाढतात, लहान दिला तर घटतात. कोणता दिला? हे कोडमध्ये एका शब्दात असते, आणि प्रबंधात बहुधा नसते.

गाळणीच्या प्रश्नांचाही घोळ असाच. आधी 'मन उदास असते का' विचारायचे आणि 'नाही' म्हटल्यावर पुढचे प्रश्न सोडून तिथे ० भरायचा, असे केले की सगळी लक्षणे एकमेकांशी घट्ट जोडलेली दिसतात. ती जोड आपणच भरलेल्या शून्यांनी तयार केलेली असते. २०१७ मध्ये मिरियम फोर्ब्ज आणि सहकाऱ्यांनी लक्षणांची नेटवर्क दुसऱ्या नमुन्यात नीट उतरत नाहीत असा आक्षेप घेतला, आणि बोर्सबूम यांच्या गटाने त्याच माहितीचे पुन्हा विश्लेषण करून उत्तर दिले. त्या वादात अशा गाळलेल्या प्रश्नांचाही मुद्दा होता. कोण बरोबर, यावर आजही मतभेद आहेत. पण तो वाद आकड्यांवर होऊ शकला, कारण माहिती दुसऱ्याच्या हाती पोहोचत होती. आपल्याकडच्या प्रबंधावर असा वाद घालायचा ठरवला, तर घालणार कशाच्या आधारावर?

नमुना निवडतानाची एक अट तर निकालच उलटा करू शकते. पीएचक्यू-९ वर १० किंवा अधिक गुण मिळालेल्यांनाच घ्यायचे आणि मग त्याच नऊ विधानांचे नेटवर्क काढायचे. एकूण १० तरी भरलेच पाहिजेत म्हटल्यावर, ज्याची झोप ठीक त्याचे दुसरे काहीतरी जास्त असणारच. त्यामुळे खऱ्या धन रेघा क्षीण होतात आणि नसलेल्या ऋण रेघा उगवतात. 'झोपेच्या तक्रारी वाढल्या की अपराधीपणा कमी होतो' असले विचित्र निष्कर्ष इथून येतात. समावेशाची अट आणि नोड एकाच मापनश्रेणीतून आले असतील, तर ते ठळक लिहा. शक्य असेल तर सगळ्या नमुन्याचे नेटवर्कही सोबत दाखवा.

केंद्रस्थानाच्या दाव्याकडे येऊ. साशा एप्सकॅम्प, बोर्सबूम आणि आयको फ्राइड यांनी २०१८ च्या लेखात यासाठी सोपी कसोटी दिली. नमुन्यातली काही माणसे काढून टाकायची, नेटवर्क पुन्हा काढायचे, आणि लक्षणांचा क्रम टिकतो का ते बघायचे. किती टक्के माणसे काढली तरी मूळ केंद्रीयतेशी (लक्षण इतरांशी किती जोडलेले, त्या मोजमापाशी) सहसंबंध ९५ टक्के खात्रीने ०.७ किंवा वर राहतो, तो आकडा म्हणजे सीएस गुणांक. तो ०.२५ च्या खाली नको आणि ०.५ च्या वर असलेला बरा. आरमधले बूटनेट हे पॅकेज मूळ मांडणीत जास्तीत जास्त ७५ टक्के माणसे काढून पाहते, म्हणून ०.७५ आला तर तो त्या मांडणीतला कमाल आकडा आहे, हेही नमूद करावे. गुणांक ०.२५ पेक्षा कमी आला, तर कोणते लक्षण मुख्य यावर एक ओळही लिहू नये. 'बिट्विननेस' (लक्षण इतरांच्या वाटेत किती वेळा येते) आणि 'क्लोजनेस' (ते इतरांपासून किती जवळ आहे) या मोजमापांचे असे बरेचदा होते. ती मोजमापे मुळात माणसांच्या ओळखीपाळखीच्या जाळ्यांसाठी बनलेली आहेत, लक्षणांच्या बाबतीत त्यांचा अर्थ लावणे अवघड जाते, आणि आमच्या मते ती प्रबंधातून वगळलेलीच बरी.

गुणांक चांगला आला म्हणजे पहिल्या क्रमांकाचे लक्षण दुसऱ्यापेक्षा खरोखर वरचढ ठरले, असे होत नाही. त्यासाठी दोघांतल्या फरकाची बूटस्ट्रॅप चाचणी लागते. ती करताना लक्षात ठेवा : १२० रेघांतल्या प्रत्येक दोघींची तुलना केली तर ७,१४० तुलना होतात आणि बूटनेट त्यांची दुरुस्ती करत नाही. त्यात काही 'लक्षणीय' फरक योगायोगाने निघणारच.

चित्राबद्दल थोडक्यात. वर्तुळे कागदावर कुठे बसतात हे फ्रुख्टरमन-राइनगोल्डची रीत ठरवते. मध्यभागी दिसते म्हणून ते लक्षण केंद्रस्थानी, असे म्हणता येत नाही. मुला-मुलींची दोन चित्रे शेजारी ठेवायची असतील, तर दोन्हींत वर्तुळांच्या जागा सारख्या ठेवा आणि क्यूग्राफमधले कमाल मूल्यही सारखे ठेवा. नाहीतर एका चित्रातली ०.४० ची रेघ आणि दुसऱ्यातली ०.२५ ची रेघ सारख्याच जाडीची उमटते, कारण प्रत्येक चित्र आपापल्या सर्वांत मोठ्या रेघेला पूर्ण जाडी देते. काही बारीक रेघा लपवल्या असतील तर किती मूल्याखालच्या, ते चित्राखाली लिहा. आणि प्रबंधाची झेरॉक्स निघते, हे विसरू नका. काळ्या-पांढऱ्यात निळी आणि लाल रेघ सारखीच दिसते, म्हणून ऋण रेघा तुटक काढा.

दोन गटांची तुलना करताना नमुने सारख्या आकाराचे नसतील तर फार जपा. ४०० जणांच्या गटात रेघा जास्त आणि १२० जणांच्या गटात कमी येणे हे लासोच्या कामातच आहे. त्यावरून 'शहरी विद्यार्थ्यांत लक्षणे अधिक घट्ट गुंतलेली आहेत' असे म्हणू नये. क्रमपरिवर्तन चाचणी (माणसांची गटांत अदलाबदल करून फरक तपासणारी) किती वेळा फिरवली, कोणता फरक तपासला, तो आधी ठरवला होता की नंतर सुचला, हे लिहा.

एकदाच घेतलेल्या माहितीतून कारण निघत नाही, हे सगळ्यांना माहीत असते आणि शिफारशींच्या प्रकरणात सगळे विसरतात. 'झोपेवर उपचार केल्यास उर्वरित लक्षणे कमी होतील' ही शिफारस अशा नेटवर्कमधून करता येत नाही. हे नाते माणसामाणसांतले आहे, एकाच माणसाच्या आतले असेलच असे नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातला एखादा समुपदेशक ती शिफारस खरी मानून काम करू शकतो, म्हणून आम्ही एवढे सांगत आहोत.

आता नेमके मागणे. ज्युलियन बर्गर आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये 'सायकॉलॉजिकल मेथड्स'मध्ये एकाच वेळी घेतलेल्या माहितीच्या नेटवर्कसाठी अहवाल-लेखनाचे निकष मांडले आहेत. ते जसेच्या तसे मागण्यापेक्षा आम्ही तीन गोष्टींचे एक परिशिष्ट मागतो : सगळ्या विधानांची संपूर्ण सहसंबंध सारणी, तिच्यामागचा n, आणि सुरुवातीच्या फाइलपासून चित्रापर्यंतचा कोड. कोडमध्ये आर व पॅकेजांच्या आवृत्त्या आणि बूटस्ट्रॅपच्या आधी दिलेला सीड (यादृच्छिक निवड तशीच पुन्हा करता यावी म्हणून दिलेला आकडा) असावा.

सहसंबंध सारणीवर आमचा एवढा भर का, ते सांगतो. मूळ माहिती खुली करा म्हटले की मार्गदर्शक बिचकतात, आणि ते रास्त आहे. तालुका, वय, जात, व्यवसाय आणि नववे विधान एका ओळीत आले तर लहान गावात तो माणूस कोण हे कुणीही ओळखेल. सहसंबंध सारणीत माणूस नसतो. १६ विधानांचे १२० आकडे, तीन दशांश स्थळांपर्यंत, एका पानावर मावतात. तेवढे पान आणि n हाती असले की कुणीही तेच नेटवर्क काही सेकंदांत पुन्हा काढू शकतो, गॅमा बदलून पाहू शकतो, एखादे विधान वगळून पाहू शकतो. बूटस्ट्रॅपसाठी मात्र मूळ माहिती लागते, म्हणून त्याचे निकाल प्रबंधातच सविस्तर हवेत : किमान १,००० वेळा फिरवलेला, रेघांच्या अंतराळांचा आलेख आणि सीएस गुणांकासह.

पद्धतीचा परिच्छेद लांबलचक हवा असेही नाही. नमुन्यादाखल, काल्पनिक आकडे घालून : '१६ विधाने, n = ४१२, ३१ गावे, एका कुटुंबातून एक व्यक्ती. माहिती मे-जून महिन्यांत, संशोधकाने वाचून दाखवून. ९ जणांची उत्तरे अपुरी, ती वगळली. नवव्या विधानाचे वरचे तीन पर्याय एकत्र केले. स्पिअरमन सहसंबंध, ग्राफिकल लासो, गॅमा ०.५. बूटस्ट्रॅप दोन्ही प्रकारचे (फेरनिवडीचा आणि माणसे वगळण्याचा), प्रत्येकी २,५०० वेळा. पॉलिकोरिक सहसंबंध वापरून केलेले विश्लेषण परिशिष्ट क मध्ये.' एवढ्या ओळींत परीक्षकाच्या बहुतेक प्रश्नांना उत्तर मिळते.

हे निर्णय संशोधन आराखडा मंजूर करतानाच लिहून घ्यावेत. कोणती विधाने, किती नमुना, कोणता सहसंबंध, कोणती केंद्रीयता. नंतर बदल करायला हरकत नाही, फक्त बदल आणि त्याचे कारण नोंदवावे. पुढच्या बैठकीपासून मंजूर होणाऱ्या आराखड्यांना ही नोंद आणि परिशिष्ट दोन्ही लागू करावे. ज्यांची माहिती गोळा होऊन गेली आहे त्यांच्याकडून सारणी, n आणि कोड एवढेच घ्यावे, कारण त्यांची फाइल त्यांच्याजवळ आहेच. मौखिक परीक्षेच्या आठवडाभर आधी हे परिशिष्ट बाह्य परीक्षकांना फाइल म्हणून पाठवावे, पीडीएफमधले चित्र म्हणून नव्हे. सारणीचा फोटो लावला तर १२० आकडे पुन्हा हाताने टंकावे लागतात, आणि ते कोणी करत नाही.

मराठीत टिपा घातलेला नमुना कोड, परिशिष्टाचा रिकामा साचा आणि अभ्यास मंडळाने बोलावल्यास अर्ध्या दिवसाची कार्यशाळा, हे आम्ही विनामोबदला देऊ. आराखड्याच्या अर्जात या परिशिष्टासाठी एक रकाना वाढवावा, एवढा निर्णय पुढच्या बैठकीत व्हावा ही विनंती.

आपले विश्वासू,
मराठवाड्यात मानसशास्त्र आणि संख्याशास्त्र शिकवणारे काही अध्यापक व संशोधक